कॉटलिनमध्ये फील्ड नॉन-नल असूनही नल पॉइंटर एक्सेप्शन का येतं?

तुम्ही म्हणता, डेटा क्लासमध्ये शहराचा प्रकार साधा स्ट्रिंग आहे, पुढे प्रश्नचिन्ह नाही (म्हणजे त्यात नल, 'मूल्यच नाही', बसू नये), डीफॉल्ट म्हणून रिकामी स्ट्रिंगही दिली आहे. तरी जेसॉन (सर्व्हरकडून मजकूर म्हणून आलेला डेटा) वाचल्यानंतर अॅप नलवर क्रॅश होतं. तुमचा कोड बरोबर आहे. गडबड जीसॉन (Gson, जेसॉनपासून ऑब्जेक्ट बनवणारी गूगलची लायब्ररी) करतं.

जीसॉनला कॉटलिनची नल-सुरक्षा कळतच नाही. क्लासला विना-पॅरामीटर कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार करणारा कोड) नसेल, तर ते जावाच्या 'अनसेफ'मधून कन्स्ट्रक्टर न चालवताच ऑब्जेक्ट बनवतं आणि रिफ्लेक्शनने (प्रोग्राम चालू असताना क्लासच्या आत थेट हात घालून) फील्ड भरतं. कन्स्ट्रक्टरच चालला नाही, म्हणून डीफॉल्टही लागत नाहीत. सर्व्हरने ती 'की' (जेसॉनमधलं फील्डचं नाव) पाठवली नाही, तर तिथे नल. सगळ्या पॅरामीटर्सना डीफॉल्ट दिले तर कॉटलिन विना-पॅरामीटर कन्स्ट्रक्टर तयार करतं आणि गाळलेल्या कीचा प्रश्न मिटतो. पण सर्व्हरने उघडपणे नल पाठवला तर डीफॉल्ट पुसून नलच बसतो. शिवाय क्रॅश पार्सिंगच्या ठिकाणी न होता, ते मूल्य पुढे एखाद्या फंक्शनला दिल्यावर होतो. म्हणून स्टॅक ट्रेसमधून (क्रॅशपर्यंतच्या कॉल्सच्या यादीतून) मूळ सापडत नाही.

माझा सल्ला: कॉटलिनएक्स सिरियलायझेशन (कॉटलिनची स्वतःची अशी लायब्ररी) वापरा. ग्रेडलमध्ये (प्रोजेक्टच्या बिल्ड साधनात) त्याचं प्लगइन टाका, आवृत्ती कॉटलिनचीच ठेवा, आणि क्लासवर सिरियलायझेबल अॅनोटेशन लावा. आता नॉन-नल फील्डची की आली नाही आणि डीफॉल्टही नसेल, तर पार्सिंगच्या वेळीच फील्डच्या नावासकट एरर येते. नल आल्यावर डीफॉल्ट हवा असेल तर 'कोअर्स इनपुट व्हॅल्यूज' ही सेटिंग चालू करा. 'इग्नोर अननोन कीज' (अनोळखी की सोडून देणारी सेटिंग) तर पहिल्या दिवशीच चालू करा. नाहीतर बॅकएंडने एक नवं फील्ड वाढवलं की जुनी अॅप्स बंद पडतील. इथे बरेच जण फसतात ते वेगळ्याच ठिकाणी: प्रश्नचिन्ह लावलं तरी फील्ड ऐच्छिक होत नाही. मूळ सेटिंग्जमध्ये '= नल' असा डीफॉल्ट लिहावाच लागतो.

जीसॉन सोडता येत नसेल, तर नेटवर्कसाठी वेगळा क्लास ठेवा, त्यातलं प्रत्येक फील्ड नलेबल करा आणि एकाच मॅपिंग फंक्शनमध्ये तपासून अॅपच्या क्लासमध्ये उतरवा. आहे त्याच नॉन-नल फील्डवर एल्व्हिस ऑपरेटर (?:, नल असेल तर पर्यायी मूल्य देणारा) लावत बसू नका. कंपायलर तो निरर्थक असल्याचा इशारा देईल आणि पुढचा कोणीतरी तो काढूनही टाकेल.