जपानी मशीन आणि कोटणीसांचे गाव

प्रश्न : सोलापुरात आमचा शालेय गणवेश शिवण्याचा लहान कारखाना आहे. जुन्या मशिनी काढून जुकी या जपानी कंपनीच्या घेण्याचा माझा विचार आहे, कारण त्यांचा टाका एकसारखा पडतो आणि दुरुस्ती क्वचितच लागते. मुलगी मात्र म्हणते, की डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या गावात जपानी माल घेऊ नये. शिवाय तो देश आजही देवमाशांची शिकार करतो. दर्जा पाहावा की मूल्ये? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या मुलीचे दोन्ही आक्षेप खरे आहेत, पण त्यांचे वजन सारखे नाही. डॉ. कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून, जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला गेले आणि १९४२ मध्ये तेथेच वारले. त्याच १९३८ मध्ये काँग्रेसच्या हरिपुरा अधिवेशनाने जपानी माल न वापरण्याचे आवाहन केले, आणि जुकीचा पायाही टोकियोत त्याच वर्षी घातला गेला; युद्धकाळात तेथे रायफली बनत, शिवणयंत्रे आली ती पराभवानंतर. तेव्हाच्या बहिष्कारासमोर चालू युद्ध होते. आज ते कारण उरलेले नाही, म्हणून कोटणीसांचा आदर राखण्यासाठी ही मशीन नाकारावी लागते असे मला वाटत नाही.

बहिष्काराचा फटका नेहमी योग्य ठिकाणी बसतो असेही नाही. १९३३ मध्ये येथील सरकारने जपानी कापडावरील जकात ७५ टक्क्यांवर नेली, तेव्हा जपानी गिरण्यांनी भारतीय कापूस घेणे थांबवले आणि झळ पोहोचली ती कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला.

देवमाशांची व्यापारी शिकार जपानने जुलै २०१९ पासून पुन्हा सुरू केली. तो निर्णय मलाही चुकीचा वाटतो, पण तो सरकारचा आहे आणि शिवणयंत्राशी त्याचा संबंध नाही.

आपल्या प्रश्नातील ज्या एका गोष्टीशी मी सहमत नाही, ती म्हणजे दर्जा आणि मूल्ये यांना आपण समोरासमोर उभे केले आहे. आपल्याकडील शिवणाऱ्या स्त्रियांना नगावर मजुरी मिळत असेल, तर दर वेळी तुटणारा दोरा आणि अडकणारी मशीन त्यांच्याच मजुरीतून वजा होते. जुन्या मशिनींना बहुधा असणारी क्लच मोटार सतत फिरत राहते, नव्यांना बहुधा असणारी सर्व्हो मोटार पायडल दाबल्यावरच चालते, त्यामुळे सोलापूरच्या उन्हाळ्यात दिवसभर मशिनीवर बसणाऱ्या बाईला आवाज आणि उष्णता कमी सोसावी लागते. मात्र जपानी नावाच्या मशिनी चीन आणि व्हिएतनाममध्येही तयार होतात, म्हणून नेमकी आपली मशीन कोठे बनली हे विक्रेत्याला विचारा. पैसे भरण्यापूर्वी आपल्याकडील दोघीतिघींना ती अर्धा दिवस चालवू द्या, आणि त्यांचे मत ऐकायला मुलीलाही तेथे बसवा.