रूट ६६ वरच्या जुन्या स्मरणवस्तू: हौस म्हणून घ्याव्यात की गुंतवणूक म्हणून?

इलिनॉयमधील एका वाचकांचे पत्र आले आहे. मिसूरीतील एक वयोवृद्ध विक्रेते दुकान बंद करीत असून, अमेरिकेतील रस्त्याकाठच्या जुन्या प्रेक्षणीय स्थळांच्या स्मरणवस्तूंचा आपला सगळा साठा ते १८,००० डॉलरला एकगठ्ठा द्यायला तयार आहेत. त्यात सुमारे अडीच हजार पोस्टकार्डे, फेल्टची त्रिकोणी निशाणे, मोटारींच्या बंपरवरच्या पाट्या आणि चार एनॅमलचे फलक आहेत. वाचकांचे वय ४६ आहे, पती-पत्नी दोघेही नोकरी करतात आणि मुलगी तीन वर्षांनी महाविद्यालयात जाईल. ही गुंतवणूक ठरेल का, आणि त्यासाठी जुन्या नोकरीतून वळवलेल्या पारंपरिक आयआरए (निवृत्तीसाठीच्या करसवलतीच्या बचत) खात्यातून पैसे काढावेत का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि दुसऱ्याचे त्याहून ठाम ‘नाही’. तरीही आपण काहीच घेऊ नये, असे मी म्हणणार नाही.

या वस्तूंना ना व्याज मिळते, ना लाभांश. त्यामुळे पुढे कोणी अधिक किंमत देईल, या एकाच आशेवर सगळा व्यवहार उभा राहतो. ते कोण देईल, याचा विचार आपण करावा. रूट ६६ हा शिकागोहून कॅलिफोर्नियाकडे जाणारा महामार्ग १९२६ मध्ये अस्तित्वात आला, १९५६ च्या कायद्यानंतर बांधल्या गेलेल्या इंटरस्टेट (राज्याराज्यांना जोडणाऱ्या द्रुतगती) रस्त्यांनी त्याची वाहतूक पळवली आणि १९८५ मध्ये त्याचे नाव अधिकृत यादीतून वगळले गेले. मोटारीच्या मागच्या सीटवर बसून ही स्थळे पाहिलेली मुले आज सत्तरी-ऐंशीत आहेत. ज्या पिढीने या वस्तूंची किंमत वाढवली तीच आता घरे रिकामी करीत आहे. आपले विक्रेते त्यांच्यातलेच एक. २०२६ च्या शताब्दीमुळे भाव चढतील, असे त्यांनी आपल्याला सांगितल्याचे आपण लिहिता. परंतु शताब्दीची तारीख जगजाहीर असल्याने तिची किंमत विक्रेत्याने आधीच लावलेली असणार, असे धरून चालावे.

आता मालाकडे वळू. आपण पाठवलेल्या छायाचित्रांतील बहुसंख्य कार्डे शिकागोच्या कर्ट टाइक कंपनीची, कापडासारखा पोत असलेल्या ‘लिनन’ प्रकारची आहेत. त्यांचा काळ ओळखणे सोपे आहे: कार्डावरच्या क्रमांकातील ‘ए’ अक्षर १९३० चे दशक, ‘बी’ १९४० चे आणि ‘सी’ १९५० चे दाखवते, आणि अक्षराआधीचा अंक त्या दशकातले वर्ष सांगतो, म्हणजे ‘५ए’ असल्यास १९३५. मात्र ही कार्डे प्रचंड संख्येने छापली गेली होती, त्यामुळे वय सिद्ध झाले म्हणजे दुर्मिळता सिद्ध झाली असे होत नाही. अडीच हजारांपैकी मोजक्या कार्डांना मागणी असेल आणि उरलेली खोक्यात पडून राहतील, हीच शक्यता अधिक.

बंपरच्या पाट्यांचे मला स्वतःला अधिक कौतुक वाटते. मिसूरीतील स्टँटन येथील मेरामेक गुहांचे मालक लेस्टर डिल यांची माणसे, पर्यटक गुहेत असताना वाहनतळावरच्या मोटारींना अशा जाहिराती बांधून ठेवीत. वापरून फेकून देण्याचाच तो माल, म्हणून टिकलेल्या पाट्या थोड्या. याउलट, लुकआउट पर्वतावरील रॉक सिटी या पर्यटनस्थळाचे लाल भिंती आणि काळ्या छपराचे पक्षिघर आजही तिथे नवे कोरे विकत मिळते. एनॅमलच्या फलकांच्या तर सर्रास नकला होतात, तेव्हा तटस्थ जाणकाराने ते हातात घेऊन तपासल्याशिवाय एक पैसाही देऊ नये.

हिशेब मांडून पाहू. विकताना लिलावगृह किंवा मध्यस्थ २० टक्के घेईल असे समजल्यास, केवळ मुद्दल सुटायलाच माल २२,५०० डॉलरला जावा लागेल. हेच पैसे वर्षाला ६ टक्के दराने दहा वर्षे वाढले, तर सुमारे ३२,२०० डॉलर होतील, आणि तेवढे हातात पडण्यासाठी मालाची विक्री जवळजवळ ४०,३०० डॉलरला व्हावी लागेल. यात विमा आणि कोरड्या जागेतील साठवणूक धरलेली नाही. शिवाय ‘कलेक्टिबल’ (संग्राह्य वस्तू) गटातील वस्तूंवरील दीर्घकालीन नफ्याला केंद्रीय कर २८ टक्क्यांपर्यंत लागू शकतो, तर समभागांवर तो २० टक्क्यांच्या पुढे जात नाही. नफा झाला तर कर द्यायचा आणि हौसेच्या वस्तूंत तोटा झाला तर त्याची वजावट नाही, असा हा एकतर्फी मामला आहे.

आयआरएला तर हातच लावू नये. आपण साडेएकोणसाठ वर्षांच्या आत असल्याने काढलेल्या रकमेवर नेहमीचा प्राप्तिकर आणि वर १० टक्के दंड लागेल. आपण २४ टक्क्यांच्या टप्प्यात आहात असे धरल्यास, १८,००० हातात यायला सुमारे २७,३०० डॉलर काढावे लागतील. स्वयंनिर्देशित आयआरएमधून (जिथे गुंतवणूक कशात करायची हे खातेदार स्वतः ठरवतो) थेट खरेदी करण्याची वाटही बंद आहे, कारण अशा वस्तू खात्यातून घेतल्यास ती रक्कम खात्यातून काढल्याचेच मानले जाते.

हौसेला मोल नसते हे मला मान्य आहे. मात्र तिला मर्यादा असावी आणि ती रोख पैशांतून भागावी. आपत्कालीन निधी आणि मुलीच्या शिक्षणाचा या वर्षीचा हप्ता बाजूला ठेवल्यावर आपल्याकडे ५,००० डॉलर मोकळे राहतात, असे आपल्या पत्रावरून दिसते. त्यातले ३,५०० या कामासाठी ठरवावेत आणि इलिनॉय-मिसूरीची निवडक कार्डे व बंपरच्या पाट्या तेवढ्यात देता का, असे विक्रेत्यांना विचारावे. दुकान रिकामे करायचे असल्याने ते एकगठ्ठा विक्रीचाच आग्रह धरतील. त्यांनी तो सोडला नाही तर आपण थांबावे. व्यवहार जमलाच, तर प्रत्येक वस्तूचे छायाचित्र, किंमत आणि ती कुठून आली याची विक्रेत्यांच्या सहीची नोंद घ्यावी, आणि घराच्या विम्यात अशा वस्तूंना किती मर्यादा आहे हे पैसे देण्याआधी विमा प्रतिनिधीकडून लेखी मागवावे.