'आइल' म्हणजे बगल

प्रश्न असा आलाय की इंग्लंडमधल्या मध्ययुगीन गावचर्चच्या वास्तूबद्दल मराठीत लिहिताना 'आइल'ला (aisle) 'मधली वाट' म्हटलं तर चालेल का, आणि स्पेलिंगमध्ये एस असून तो बोलत का नाहीत.

मधली वाट अजिबात नको. लग्नाच्या वर्णनांत वाचावं तर नवरी आइलमधून चालत येतेय, आइल फुलांनी सजवलीय, आणि फोटो बघावा तर बरोब्बर मध्यभागाचा. अहो, तो नेव्ह! चर्चचा मधला मोठा भाग, जिथे गावकरी जमतात, तो नेव्ह. आणि नेव्हच्या डाव्या-उजव्या अंगाला, खांबांच्या रांगेपलीकडे, खांब आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये जी जागा उरते ती आइल. कार्ल्याचं चैत्यगृह पाहिलं असेल तर खांबांमागची ती चिंचोळी जागा आठवा, एकोणिसाव्या शतकात वास्तुकलेचा इतिहास लिहिणाऱ्या फर्ग्युसनने कार्ल्याचं वर्णन करताना नेव्ह आणि साइड आइल हेच शब्द वापरलेत.

आता मूळ. लॅटिनमध्ये 'आला' (आपला आला-गेलातला नव्हे) म्हणजे पंख, त्याचं फ्रेंचमध्ये झालं 'एल', आणि तिथून इंग्रजीत. म्हणजे विमानात गंमत बघा, खरा पंख खिडकीबाहेर आणि 'पंखाची सीट', म्हणजे आइल सीट, पार आतल्या बाजूला. पण मला खरी मजा पुढे वाटते. लॅटिनमधल्या या आलाचा अर्थ नुसता पंख नाही, काख पण आहे, सैन्याची बाजू पण आहे, आणि रोमन घरात मधल्या चौकाला लागून दोन बाजूंना ज्या उघड्या खोल्या असायच्या त्यांनाही आलाच म्हणायचे. काख, बाजू, सैन्याची फळी, शेजारची खोली, हे सगळं एका शब्दात मराठीत कशात बसतं? बगल! बगल फारसीतून आलीय, लॅटिनशी तिचं काही नातं नाही, पण दोन भाषांनी काखेपासून बाजूपर्यंत तोच प्रवास केलाय. त्यामुळे 'पार्श्ववीथी' वगैरे जड शब्द सुचवणाऱ्यांना माझा नमस्कार, मी बगलच म्हणणार.

आणि हे नुसतं शब्दाला शब्द जुळवणं नाही, या चर्च बांधल्याच तशा गेल्यात. आधी साधा लांबट नेव्ह, पूर्वेला पाद्र्यांचा वेदीचा भाग म्हणजे चॅन्सेल, बस. मग लोकवस्ती वाढली, किंवा एखाद्या पैसेवाल्याला आपल्या आत्म्यासाठी प्रार्थना व्हावी म्हणून वेगळी वेदी हवी झाली, की नेव्हची बाजूची भिंत फोडून तिथे कमानी काढायच्या आणि बाहेर उतरत्या छपराची पडवी जोडायची, झाली आइल. पुष्कळदा आधी उत्तरेला, कारण दक्षिणेकडे थडग्यांची गर्दी. दुसरी बाजू पुढे कधीतरी, पैसे आले की, म्हणून एकाच चर्चच्या दोन आइल रुंदीला आणि खिडक्यांना सारख्या नसतात. मग मधे अंधार व्हायला लागला की नेव्हच्या भिंती वर चढवून उंचावर खिडक्यांची रांग काढायची. सफोकमधल्या लाँग मेलफर्डला लोकरी कापडाच्या पैशातून पंधराव्या शतकात बांधलेलं चर्च आहे, तिथे तर देणगीदारांनी आपली नावं आणि 'आमच्यासाठी प्रार्थना करा' हे बाहेरच्या भिंतींवर दगडात कोरून ठेवलंय. उलट हेरेफर्डशरमधलं किलपेक, साधारण 1140 चं, तिथे आइल नाहीतच. तिथल्या नवरीने करायचं काय?

बरं, मध्ययुगात नवरी आत तरी कुठे यायची! लग्न लागायचं दारात, पोर्चपाशी, मग आत प्रार्थनेला. 1549 च्या प्रार्थनापुस्तकाने वधूवरांना आत आणलं, आणि कुठे आणलं, तर 'चर्चच्या शरीरात', बॉडी हाच शब्द आहे तिथे. नेव्ह हा शब्द इंग्रजीत रुळला सतराव्या शतकात. तो लॅटिन 'नाविस' म्हणजे जहाज यावरून, आपल्या नाव-नौकेचा चुलतभाऊ (चुलतभाऊ म्हणालो, मुलगा नाही, सगळं संस्कृतातून निघालं म्हणणाऱ्यांनी कृपया शांत राहावं). गाइड लोक उलट्या जहाजासारखं छप्पर दाखवून टाळ्या घेतात, पण गावकऱ्याच्या तोंडी जहाज नव्हतंच, त्याच्या तोंडी शरीर होतं. शरीर आणि त्याच्या दोन बगला! माझं तर ठाम मत आहे की सामान्य माणसाला चर्च हे अंग म्हणूनच दिसत होतं आणि जहाज हे शिकलेल्यांनी मागाहून चिकटवलं. पटत नसेल तर नका पटवून घेऊ.

मधल्या वाटेचा अर्थ शिरला कसा? बाकांमुळे. आधी लोक उभे राहायचे नाहीतर जमिनीवर गुडघे टेकायचे, भिंतीकडेला फार तर दगडी कट्टा. पंधराव्या शतकात लाकडी बाकं सर्रास झाली, आणि बाकं आली की बाकांमधून वाट आली, तोवर वाट नव्हतीच तर तिला नाव कशाला लागेल. मग वाट या अर्थाचा फ्रेंच 'आले', ज्यावरून इंग्रजीतली 'अ‍ॅली' म्हणजे गल्ली आलीय, तो आवाजाने जवळचा असल्यामुळे दोघांची सरमिसळ झाली. डॉक्टर जॉन्सनने 1755 च्या कोशात काय केलं, तर पंखावरून असेल किंवा वाटेवरून असेल असं दोन्हीकडे पाय ठेवून मोकळा झाला. एवढा मोठा कोशकार, चर्चला जाणारा माणूस, जरा मान वळवून खांबांमागे बघायचं होतं! आजचे कोश दोन्ही अर्थ देतात म्हणून वाद संपला असं सांगणारेही आहेत. कोश वापर नोंदवतो, मान्य, पण वास्तूबद्दल लिहिताना दोन जागांना एकच नाव दिलंत तर वाचकाने भिंत नक्की कुठे समजायची?

जॉन्सनला एक श्रेय देतो, एस चुकीचा आहे हे त्याने लिहून ठेवलंय. तो बेटवाल्या 'आइल'चा (isle), उच्चार सारखा म्हणून इकडे घुसला. बेटवाल्याला निदान लॅटिन 'इन्सुला'चा आधार आहे, 'आयलंड'मधला एस तर निव्वळ देखादेखी, तो शब्द मुळात जुन्या इंग्रजीतला आणि त्यात एस कधीच नव्हता. त्यामुळे 'आइसल सीट' म्हणू नका.

चर्चबद्दल लिहिताना बगल लिहा, पहिल्यांदा येईल तिथे 'खांबांपलीकडची' एवढं जोडा. विमानात आणि थिएटरात खुशाल मधली वाट म्हणा. चॅन्सेल आणि आपलं तिकीट कॅन्सल करणं हे दोघे एकाच घरातले आहेत, ते कुणी विचारलं तर सांगेन.