“पेन्शनचं विचारलं तर ऑफरच जाईल का, मॅडम?”

नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत जानेवारी-फेब्रुवारीत शिक्षकांची ये-जा वाढते. अमिरातीतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये नवं सत्र सुरू करतात, म्हणून मुलाखती आणि ऑफर लेटरं याच दिवसांत येतात. घरात पेढे वाटून झालेले असतात आणि रात्री झोप लागत नसते. प्रश्न थोड्याफार फरकानं तोच : तिकडे पेन्शन नाही म्हणतात, शाळेला विचारायचं कसं, आणि विचारलं म्हणून त्यांनी नोकरीच नाकारली तर?

ज्या ताईंची गोष्ट सांगते आहे त्या मनीषनगरच्या, वय ३८, खासगी शाळेत आठ वर्षं गणित शिकवत होत्या. (लिहायला त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) दुबईच्या एका शाळेनं महिना ६,००० दिरहम देऊ केले होते. पहिल्या दिवशी सोबत वडील आले होते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. ते म्हणाले, “माह्या पेन्शनीवर घर चालते, मॅडम. मी कोणापुढं हात पसरत नाही. हिच्या म्हातारपणाचं काय करून राहिले ते लोक?” ताईंचा भाऊही शिक्षक, पण १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेला, म्हणून जुन्या पेन्शनबाहेर. हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमवरून निघणाऱ्या मोर्चात तो चाललेला आहे. अशा घरात पेन्शन म्हणजे नुसता पैसा नसतो, ती माणसाची पत असते.

गुरुजी बाहेर जाऊन बसल्यावर ताई खरं बोलल्या. पहिल्या नोकरीत पगारातून पीएफ कापला जायचा, पण पासबुकात दिसत नव्हता. विचारायला गेल्या तर तासभर बाहेर बसवून ठेवलं आणि मग सगळ्या स्टाफसमोर सुनावलं, “पैशाचंच पाहायचं होतं तर या पेशात कशाला आलात?” त्यानंतर बारा वर्षांत त्यांनी पगाराबद्दल एकही प्रश्न कोणाला विचारला नव्हता. ‘या पेशात कशाला आलात’ हे वाक्य मी इतक्या शिक्षिकांच्या तोंडून ऐकलं आहे की आता मला त्याचा राग येतो. आपल्या म्हातारपणाची सोय विचारणं म्हणजे पेशाशी बेइमानी, असं त्यांच्या मनात कोणीतरी पक्कं बसवलेलं असतं. ते पहिलं सत्र आम्ही त्या एका वाक्यावरच घालवलं. आकडे नंतर.

दुसऱ्या वेळी ऑफर लेटर टेबलावर पसरलं. ६,००० पैकी बेसिक, म्हणजे मूळ पगार, २,४००, घरभाडं २,२००, उरलेले इतर भत्ते. ताईंची नजर फक्त एकूण रकमेवर होती. मी बेसिकभोवती पेन्सिलनं गोल केला.

अमिरातीत परदेशी कर्मचाऱ्याला सरकारी पेन्शन नाही, हे खरं. पण नोकरी सुटताना कायद्यानं ग्रॅच्युइटी मिळते : किमान एक वर्ष पूर्ण झालं की पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि त्यापुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा पगार. एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगारापेक्षा जास्त होत नाही. फेब्रुवारी २०२२ पासून लागू असलेल्या कायद्यात राजीनामा दिला म्हणून ती कापली जात नाही आणि करार संपल्यापासून १४ दिवसांत द्यावी लागते. हे सगळं मोजतात मात्र बेसिकवर. भत्ते त्यात येत नाहीत.

गणिताच्या बाईंना पुढचं मला सांगावं लागलं नाही. त्यांनी स्वतःच कागद ओढला. २,४०० म्हणजे दिवसाचे ८०, वर्षाला १,६८०, पाच वर्षांचे ८,४००. तेच बेसिक ३,६०० असतं तर १२,६००. एकूण पगारात एका दिरहमचाही फरक नाही. त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मी चुकीचं मागणार होते.”

चुकीचं नव्हे, चुकीच्या नावानं. आपण ‘पेन्शन’ म्हटलं की तिकडचा एचआरवाला “आमच्याकडे अशी पॉलिसी नाही” म्हणतो आणि विषय तिथंच संपतो. त्यात त्याचा दुष्टपणा नसतो, त्याच्या रकान्यात तो शब्दच नसतो. ‘बेसिक वाढवून भत्ते कमी करता येतील का’ या प्रश्नाला त्याला उत्तर द्यावंच लागतं.

दुसरा प्रश्नही आम्ही लिहून ठेवला. २०२३ च्या शेवटी तिकडे ग्रॅच्युइटीला पर्याय म्हणून एक बचत योजना आली. मालक दर महिन्याला बेसिकच्या ५.८३ टक्के, आणि पाच वर्षांवर नोकरी झाली असेल तर ८.३३ टक्के, एका फंडात भरतो. आकडे मुद्दाम तपासा : २१ भागिले ३६० आणि ३० भागिले ३६०. रक्कम जवळपास तीच, पण पैसा शाळेच्या तिजोरीत न राहता दर महिन्याला बाहेर पडून तुमच्या नावावर जमतो. उद्या शाळा अडचणीत आली तर हा फरक फार मोठा ठरतो. योजनेत जायचं की नाही हे मात्र मालक ठरवतो, कर्मचारी नाही. म्हणून विचारायचं, पण त्यावर अडून बसायचं नाही.

मग सराव. मी एचआर झाले आणि शेजारच्या खोलीतून फोन केला. पहिल्या वेळी ताईंनी दोन मिनिटांत चारदा ‘सॉरी’ म्हटलं आणि मी काही बोलायच्या आधीच “नसेल जमत तर राहू द्या” असं स्वतःच सांगून मोकळ्या झाल्या. सगळ्यात अवघड गेलं ते विचारून झाल्यावर गप्प राहणं. ती पाच-सात सेकंदांची शांतता त्यांना सहन होईना, कारण बारा वर्षांपूर्वीच्या त्या ऑफिसात अशाच शांततेनंतर तो टोमणा आला होता. आठव्या वेळी त्या थांबल्या. सॉरी नाही, माघार नाही. फोन ठेवून त्या रडल्या. मी त्यांना रडू दिलं.

खरं बोलणं सहीच्या आधी झालं, आणि तो क्रम मी कोणालाच मोडू देत नाही. सत्र तोंडावर आलेलं असताना गणिताचा शिक्षक शाळेलाही हवा असतो; सही झाल्यावर ती गरज उरत नाही. शाळा ३,६०० ला तयार झाली नाही, कारण ग्रॅच्युइटी शेवटी त्यांच्याच खिशातून जाते. ३,००० वर जमलं. पाच वर्षांचे १०,५००. बचत योजनेत शाळा नव्हती. ऑफर कोणी मागे घेतली नाही. तिकडच्या कामगार मंत्रालयात नोंदणाऱ्या करारात तोच ३,००० चा आकडा आहे ना, हे पाहूनच सही करा एवढं मी बजावलं, कारण हिशेबाच्या वेळी त्याच कराराकडे बोट दाखवलं जातं.

एक धोका इकडेच होता. तिकडच्या घरासाठी म्हणून त्या इथला पीएफ पूर्ण काढून पेन्शनचा भागही मोडायच्या बेतात होत्या. १५,००० बेसिकवर शाळेच्या १२ टक्क्यांतले १,२५० रुपये दरमहा पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत जात होते. सध्याच्या शाळेतली आठ वर्षं जमेस होती; पेन्शनचा हक्क मिळायला दहा लागतात. रक्कम मोडण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या नोकरीचा पेन्शन योजनेतला दाखला, घेतलं तर परत आल्यावर पुढची नोकरी त्यात जोडली जाते. दहा वर्षांचे महिना सुमारे २,१४३ रुपये होतात, फार नाहीत, पण ते आयुष्यभराचे असतात. उरलेली पोकळी भरायला एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, आहे. अनिवासी भारतीयाला एनआरई किंवा एनआरओ या अनिवासींच्या बँक खात्यांतून त्यात पैसे भरता येतात. ताईंनी महिना ४०० दिरहम ठरवले. गुरुजींना हे पटायला दोन भेटी लागल्या. सरकार देते ती पेन्शन आणि स्वतः साठवायची ती पेन्शन, यांतला फरक त्यांना मनापासून दुखला, आणि मला ते दुखणं समजतं.

ताईंचा करार दोन वर्षांचा आहे. परवा त्यांचा फोन आला, आवाज मोकळा होता. स्टाफरूममधल्या केरळच्या दोघींना त्यांनी बेसिकचं गणित फळ्यावर मांडून दाखवलं. नूतनीकरणाच्या वेळी बचत योजनेचं तिघी मिळून विचारणार आहेत, आणि त्याआधी फोनवर सराव घ्याल का, असं मला विचारत होत्या.