आलेफची तिरकी रेघ

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं, शब्बाथचे, म्हणजे आपल्या विश्रांतिवाराचे, दिवे लावायच्या थोडं आधी. दोनदा वाचलं. पाचवीच्या वर्गात तू टेबलावर पट्टी आपटलीस आणि शेवटच्या बाकावरचं ते अबोल पोर रडायला लागलं. दुसऱ्या दिवशी अपराधी वाटून सगळ्यांना मोकळं सोडलंस, तर वर्गाचा बाजार झाला. खाली एकच ओळ: "मामा, यातली खरी मी कोणती?" आणि ताजा कलम, की मोबाइलवर कबालाचे, म्हणजे यहुदी गूढविद्येचे, व्हिडिओ बघतेस, हिब्रू अक्षरांत सगळ्याचं उत्तर आहे म्हणतात, ते खरं का.

तुझ्या प्रश्नापुरतं उत्तर तिथे आहे, असं मला मनापासून वाटतं. पण अक्षराचा अर्थ विचारण्याआधी ते हातानं कसं काढतात हे बघावं लागतं.

तुला माहीतच आहे, मी मुंबईत अठरा वर्षं छापखान्यात जुळारी होतो. खिळे जुळवण्यात हयात गेली, त्यामुळे अक्षर म्हटलं की मला आधी त्याचं अंग दिसतं. इथे इस्राएलात अश्दोदला आल्यावर शेजारी एक सोफेर भेटले. सोफेर म्हणजे तोरा (आपला धर्मग्रंथ), तफिलिन (प्रार्थनेच्या वेळी बांधायच्या डब्यांतली वचनं) आणि मझुझा (दाराच्या चौकटीवर लावायची वचनांची गुंडाळी) हातानं लिहिणारा. संध्याकाळी मी त्यांच्याजवळ जाऊन बसायचो. जनावराच्या कातड्याचं चर्मपत्र, पिसाची लेखणी, काळी शाई. आधी चर्मपत्रावर कोरड्या टोकानं रेघा ओरखडायच्या, त्यांना शाई लावायची नाही. मग अक्षरं त्या रेघेवर बसवायची नाहीत, रेघेखाली लटकवायची. मला एकदम घरचं काही भेटल्यासारखं झालं, कारण आपली मराठी अक्षरंही वरच्या रेघेला लटकतात. फरक एवढाच, की आपली अक्षरं शिरोरेघेखाली एकमेकांचा हात धरतात. तिथे एका अक्षराला दुसरं जरा जरी टेकलं तरी लिखाण बाद होतं. प्रत्येक अक्षराच्या चहूबाजूंनी कोरं चर्मपत्र असलंच पाहिजे.

एकदा त्यांनी एक मझुझा पुरी केली. 22 ओळी, 713 अक्षरं. वाळल्यावर भिंग लावून तपासायला बसले आणि पहिल्याच ओळीत थांबले. शमा यिस्राएल ही आपली रोजची प्रार्थना म्हणताना आपण पहिल्या वचनाच्या शेवटी 'एहाद' म्हणतो ना, 'एक'? त्या एहादमधला आलेफ, हिब्रूचं पहिलं अक्षर. आलेफ ही खरं तर तीन अक्षरांची जोडणी आहे: वर एक योद, खाली एक उलटा योद आणि दोघांच्या मध्ये तिरका वाव. योदनं वावला फक्त आपल्या बारीक देठानं टेकायचं असतं. इथे शाई जास्त उतरली होती, आणि वरच्या योदचं सगळं तोंडच तिरक्या रेघेला चिकटलं होतं. "पासूल," ते म्हणाले. बाद. मझुझातली अक्षरं क्रमानंच लिहावी लागतात, पुढचं लिहून झाल्यावर मागे येऊन आलेफ नव्यानं काढता येत नाही, आणि चिकटलेला भाग खरवडून अक्षर घडवलेलंही चालत नाही. सगळं लिखाण बाजूला ठेवलं.

मी विचारलं, आणि केसाएवढी फट राहिली असती तर? योद रेघेला टेकलाच नसता तर?

"तरीही पासूल."

बाळ, तुझं पत्र वाचताना मला तोच आलेफ आठवला. चिकटला तरी बाद, सुटला तरी बाद. वरचा आणि खालचा यांची तोंडं उलट दिशांना, आणि त्यांनी तशीच राहायचं आहे. मात्र दोघांचा देठ एकाच रेघेला लागलेला हवा. तू पत्रात कडक बाई आणि मायाळू बाई यांच्यातली एक निवडायला बघते आहेस. नाहीतर दोघींना घोटून एक मधली, धड कडक नाही धड मायाळू नाही अशी बाई बनवायला बघते आहेस. पहिल्यात फट राहते, दुसऱ्यात शाई पसरते.

आता त्या तीन तुकड्यांची बेरीज कर. हिब्रूत प्रत्येक अक्षर हा आकडाही असतो. योद म्हणजे 10, वाव म्हणजे 6. दहा, दहा आणि सहा मिळून 26. परमेश्वराचं जे चार अक्षरी नाव आपण उच्चारत नाही, त्याची बेरीजही 10, 5, 6, 5 मिळून 26 होते. आणि आलेफची स्वतःची किंमत मात्र 1. कबालावाल्यांनी या अक्षरावर इतका जीव का लावला हे यावरून कळेल.

सेफेर येत्झिरा नावाचं एक छोटं, फार जुनं पुस्तक आहे. त्यात 22 अक्षरांपैकी तीन अक्षरांना 'माता' म्हटलं आहे: आलेफ, मेम, शीन. मेम म्हणून बघ, ओठ मिटतात. ते पाणी. शीन म्हण, दातांतून सूं निघतो. ती आग. आणि आलेफला स्वतःचा आवाजच नाही, घसा उघडतो आणि श्वास बाहेर पडतो, एवढंच. तो वारा. तिथे तराजूचं चित्र आहे. एका पारड्यात पुण्य, दुसऱ्यात दोष, आणि मध्ये जे हलतं त्याला हिब्रूत जीभ म्हणतात. आपण काटा म्हणतो. काटा मधोमध डिंकानं चिकटवून ठेवला तर त्या तराजूवर कुणी वाण्याकडून पावशेर डाळही घेणार नाही. तो हलला पाहिजे. सोमवारी तुझा हात कडकपणाकडे झुकला आणि मंगळवारी मायेकडे, यात काही बिघडलं नाही. काळजी करायची तर मधून श्वास जातो आहे की नाही याची कर.

ठाण्यात दर शनिवारी तू ज्या मशिदीत जातेस (आपले जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत, मलाही तोच शब्द येतो), तिचं नाव शार हाशमाईम, आकाशाचं दार. शमाईम, म्हणजे आकाश, हा शब्द तालमूद या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, फोडून दाखवला आहे: एश म्हणजे आग आणि माईम म्हणजे पाणी. देवानं आग आणि पाणी आणलं, एकात एक गुंफलं आणि त्याचं आकाश केलं. त्या दारावर ते नाव कित्येक वर्षं आहे आणि आपण त्याखालून चपला काढत आत जातो.

पुढे तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये, कास्तीलच्या प्रदेशात, झोहर हा कबालाचा ग्रंथ पुढे आला. त्यात देवाच्या दहा गुणशक्ती, म्हणजे दहा सफिरोत, माणसाच्या अंगासारख्या मांडल्या आहेत. उजवा हात हेसेद, म्हणजे देत राहणारी माया. डावा हात गवुरा, म्हणजे मर्यादा घालणारी शिस्त. आणि दोघांच्या मध्ये धड, तिफेरेत. आलेफमधली ती तिरकी रेघ, तो वाव, याच तिफेरेतची खूण मानतात.

हातांवरून एक गोष्ट तुला सांगायलाच हवी, कारण ती शिक्षकाचीच आहे. तालमूदमध्ये म्हटलं आहे: डाव्या हातानं दूर लोटावं आणि उजव्यानं जवळ घ्यावं. लोटायचं ते दुबळ्या हातानं, आणि ओढायचं ते जोरकस हातानं. आणि लगेच उदाहरण कुणाचं दिलं आहे? अलीशा संदेष्ट्याचं. एवढा मोठा माणूस, पण त्याचा शिष्य गेहजी चुकला तेव्हा त्यानं त्याला दोन्ही हातांनी लोटलं, आणि याबद्दल रब्बींनी त्याला बोल लावला आहे. लोटण्याबद्दल नव्हे हं. गेहजीनं खोटं बोलून पैसे घेतले होते, त्याला लोटणं योग्यच होतं. बोल लावला तो दुसराही हात लोटण्यात गुंतवला म्हणून. तू पट्टी आपटलीस तेव्हा तुझा दुसरा हात कुठे होता, ते आठवून बघ. मी हे रागावून विचारत नाही. माझ्या मुलाच्या बाबतीत माझे दोन्ही हात किती वेळा एका बाजूला गेले, ते माझं मला माहीत आहे.

इस्राएलातल्या 'सफेद' नावाच्या गावचे कबालाचे गुरू इसहाक लुरिया यांचं नाव तू व्हिडिओत ऐकलंच असेल. ते 1570 मध्ये तिथे आले आणि 1572 मध्ये, अडतिसाव्या वर्षी, वारले. एवढ्या थोड्या काळात त्यांनी शिकवलेलं लोक आजवर उलगडत बसले आहेत. त्यांच्या शिकवणीत सृष्टीच्या आधी देवाचा प्रकाश धरणारी काही भांडी फुटली. का फुटली? कारण सुरुवातीला प्रत्येक शक्ती एकाखाली एक, सुटी उभी होती. मायेला शिस्तीचा आधार नव्हता, शिस्तीला मायेचा नव्हता. प्रकाश आला आणि कुणालाच एकट्यानं पेलवला नाही. दुरुस्तीत त्याच शक्ती उजव्या, डाव्या आणि मधल्या अशा तीन रांगांत लावल्या गेल्या. झोहरमधल्या एका जुन्या प्रकरणात हेच अवघ्या एका ओळीत येतं: तराजू नव्हता तोवर ते समोरासमोर बघत नव्हते. ही ओळ मला फार आवडते. एकमेकांकडे बघायचं तर दोघं असावे लागतात.

आणि लुरियांचीच दुसरी गोष्ट, त्झिमत्झुम. अनंत देवानं आधी स्वतःला आवरून जागा केली, मग जग मावलं. सोफेरच्या शेजारी बसून मला वाटायचं, अक्षराभोवतीचं ते कोरं चर्मपत्र म्हणजे हेच की. हे माझं वाटणं आहे, पुस्तकात शोधू नकोस. वर्गात तू प्रश्न विचारल्यावर त्या शेवटच्या बाकावरच्या पोराला उत्तरासाठी जी जागा ठेवतेस, तीही तसलीच. ती भरून टाकायची घाई करू नकोस.

आकडेमोडीबद्दल मात्र सावध करतो. एहाद म्हणजे 'एक', त्याची बेरीज 13. अहावा म्हणजे 'प्रेम', त्याचीही 13. दोन्ही मिळून 26, पुन्हा तेच नाव. हे ऐकून तुझ्या अंगावर शहारा येईल, माझ्याही आला होता. पण नंतर तू आपल्या नावाची, गाडीच्या नंबरची, लग्नाच्या तारखेची बेरीज करत बसशील, आणि आकडे इतके गरीब असतात की कुणाच्याही बाजूनं साक्ष देतात. आधी माहीत असलेल्या गोष्टीवर प्रेम जडावं एवढ्यापुरती बेरीज कर. भविष्य बघायला नको.

त्यापेक्षा सेफेर येत्झिरातली ही जोडी जवळ ठेव. ओनेग म्हणजे आनंद: आयिन, नून, गीमेल. नेगा म्हणजे अंगावर उठलेली पीडा: नून, गीमेल, आयिन. अक्षरं तीच. पहिल्यात आयिन आधी आहे, दुसऱ्यात शेवटी. आयिनचा अर्थ डोळा. पोराकडे आधी बघून मग पट्टी उचललीस का, आणि उचलल्यावर बघितलंस का, एवढाच माझ्या मते त्या दिवसाचा हिशेब.

आता काम देतो. मला दालेत आणि रेश काढून पाठव. दोन्ही जवळजवळ सारखी दिसतात, दालेतच्या मागच्या बाजूला फक्त एक टोक असतं, रेश तिथे गोल वळते. एहादमधला शेवटचा दालेत त्या टोकाशिवाय काढला तर एहादचा 'आहेर' हा हिब्रू शब्द होतो, म्हणजे 'दुसरा'. म्हणूनच तोरामध्ये शमातला तो दालेत मुद्दाम मोठा लिहितात. पेननं काढू नकोस, बोरूनं काढ, आणि बोरू नसेल तर आइस्क्रीमची काडी तिरकी तासून घे. आधी शिसपेन्सिलीनं वर रेघ मार, अक्षर तिच्याखाली लटकव. दहा-दहा काढ. त्या पोरालाही शेजारी बसव, त्यालाही एक काडी दे आणि त्याचा कागद वेगळ्या घडीत घालून पाठव.

आईला सलाम सांग. शालोम.

तुझा
मामा