जुन्या कारवरचे स्टिकर आणि त्यांचा चिकटा रंग न बिघडवता कसा काढायचा?

तुम्ही लिहिलंय की सेकंड हँड कार घेतली आहे, बॉनेटवर आधीच्या मालकाचे पट्टे आहेत, मागच्या काचेवर मुलांची नावं आणि डिकीवर डीलरचं स्टिकर. गॅरेजवाला म्हणतो, थिनर मारा.

थिनर नको. कंपनीच्या भट्टीतल्या रंगावर एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगासाठीचा) थिनर एखादवेळी चालून जातो, पण टचिंग केलेल्या, म्हणजे गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या, पॅनलवर तो गमबरोबर रंगही मऊ करतो. जुन्या गाडीचं कुठलं पॅनल पुन्हा रंगवलंय हे सांगून कोणी विकत नाही. म्हणून आधी काचेच्या रबरावर रंगाचे शिंतोडे आहेत का, बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत का, शेजारच्या पॅनलपेक्षा छटा वेगळी दिसते का, हे पाहा. तसं आढळलं तर तिथे जास्त भिजवा आणि कमी ओढा, नाहीतर स्टिकरसोबत रंगाचा पापुद्रा निघून येतो.

गाडी सावलीत लावून शाम्पूने धुवा आणि कोरडी करा. स्टिकरखाली किंवा फडक्यात वाळूचा एक कण राहिला तरी ओरखडे पडतात. मग हेअर ड्रायर १० सेंटिमीटरवरून सतत हलवत अर्धा-पाऊण मिनिट धरा. तळहात टेकवता येतो पण फार वेळ ठेववत नाही, इतकी उष्णता पुरे. साधारण ५० ते ६० अंश. नखाने कोपरा उचला आणि पट्टी सरळ वर न ओढता तिच्याच अंगावर दुमडून, पत्र्याला लगटून, सावकाश मागे न्या. निघालेल्या पट्टीच्या पाठीकडे बघत राहा. गम तिच्यासोबत येतोय तोवर सगळं बरोबर चाललंय. फिल्म फाटत असेल तर उष्णता कमी पडतेय किंवा तुम्ही घाई करताय. गमच्या तारा सुटून पत्र्यावरच राहत असतील तर जास्त तापलंय, थोडं निवू द्या.

सात-आठ वर्षं उन्हात राहिलेल्या स्टिकरमधला लवचिकपणा गेलेला असतो आणि त्याचा पापडासारखा चुरा होतो. त्यावर वरून तेल ओतून उपयोग नाही, स्टिकरच्या विनाइलमधून (प्लास्टिकमधून) ते आत जातच नाही. जुन्या एटीएम कार्डाने कडा उचला, खाली सांगितलेलं टर्पेंटाइन, रॉकेल किंवा तेल त्या फटीतून आत जाऊ द्या आणि थोडं थोडं पुढे सरका. रंगावर लोखंडी ब्लेड कुठल्याही कोनात नको.

उरलेल्या चिकट्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन, रॉकेल किंवा निलगिरी तेल यांपैकी काहीही चालेल. आधी दाराच्या आतल्या कडेवर थेंबभर लावून बघा. फडक्याला रंग लागला तर थांबा. नाही लागला तर टिशू पेपर भिजवून चिकट्यावर डकवा, वर प्लास्टिकचा तुकडा ठेवा आणि पाच ते दहा मिनिटं हात लावू नका. बहुतेक जण लावल्या लावल्या घासायला घेतात, म्हणून गम निघण्याऐवजी सगळीकडे पसरतो. भिजलेला गम अंगठ्याने ढकलला की त्याच्या वळ्या होतात. फडक्याची बाजू बदलत त्या उचला. शेवटी दोनदा शाम्पू आणि मग निम्मं पाणी, निम्मं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एक हात पुसा, नाहीतर तेलकट थरावर धूळ बसते.

काचेवर बाहेरून ब्लेड चालतं, तेही नवं आणि साबणाच्या पाण्यात, साधारण ३० अंशांच्या कोनात, फक्त पुढच्या दिशेने. मागे ओढलंत तर खाली अडकलेला कचरा काचेवर चरे पाडतो. नावं आतून चिकटवलेली असतील तर मात्र ब्लेड विसरा. मागच्या काचेच्या आतल्या बाजूच्या आडव्या रेषा डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून तिच्यावरचं धुकं घालवणाऱ्या तारांच्या, असतात. त्यातली एक कापली गेली की ती रेष तापत नाही. तिथे गरम ओलं फडकं आणि कार्ड, रेषांच्या दिशेनेच.

हेडलाइट पॉलिकार्बोनेटचे आणि टेल लाइट बहुधा अॅक्रिलिकचे असतात. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर लागलं तर त्यात बारीक जाळीदार तडे जातात, टेल लाइटला तर अल्कोहोलनेही. कोमट साबणपाणी आणि खोबरेल तेल. वेळ लागतो, लागू द्या.

सगळं निघाल्यावर पट्ट्यांचा आकार बॉनेटवर तसाच दिसेल. कडेला साचलेला मळ असेल तर तो हाताने फिनिशिंग पॉलिश केल्यावर जातो. आजूबाजूचा रंग उन्हाने उडाला असेल तर तो पूर्ण जाणार नाही, लाल गाड्यांना हे फार दिसतं. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४०-५० मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा) असतो. जाड रबिंग कंपाउंडने रोज घासून तो संपवू नका. दोन वेळा पॉलिश करूनही खूण राहिली तर तिथेच सोडा.

स्कूटर-मोटरसायकलचंही कोणीतरी विचारेलच. टाकीवरचे कंपनीचे ग्राफिक्स बऱ्याचदा लॅकरच्या (वरच्या पारदर्शक थराच्या) खाली असतात. नखाला कड लागली नाही तर ते निघणारे नाहीत, रंगच काढावा लागेल. पेट्रोलच्या टाकीजवळ ड्रायर किंवा हीट गन वापरू नका, गरम पाण्यात पिळलेलं फडकं ठेवा. मॅट रंग घासू नका. घासलेला भाग कायमचा चकाकतो.

पुढच्या काचेवर आतून इंधनानुसार रंग असलेलं नोंदणी क्रमांकाचं होलोग्राम स्टिकर असेल तर त्याला हात लावू नका. ते नंबरप्लेटइतकंच अधिकृत आहे आणि काढताना फाटतंच. फास्टॅग मात्र आधीच्या मालकाला त्याचं खातं बंद करायला सांगून मग खरवडा, कारण तुम्हाला तुमच्या नावाचा नवा लागणारच आहे.