सैन्यातून निवृत्त होऊन अग्निशमन दलात गेलेल्या तरुण मित्राच्या वर्षश्राद्धाला काय बोलावं?

तुमचा मित्र आधी सैन्यात, मग अग्निशमन दलात, आणि चाळिशीच्या आत गेला. चार शब्द बोलायचेत, सुरुवात कुठून करू, असं विचारलंय तुम्ही. कुठूनही करा. फक्त 'शूर', 'देशसेवा', 'धगधगता' आणि 'शहीद' एवढे शब्द वगळा. ते वगळल्यावर बोलायला काही उरत नसेल तर अजून माहिती गोळा करायची राहिली आहे असं समजा.

इतकं तडकून लिहितेय कारण माझा धाकटा भाऊ अगदी असाच. बारावी झाल्या झाल्या भरती, खडकीच्या बीईजीत, म्हणजे बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये ट्रेनिंग, मग १७ वर्षं सॅपर, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातला जवान. परमवीर चक्रवाले रामा राघोबा राणे आमच्याच बॉम्बे सॅपर्सचे, हे तो दर भेटीत एकदा तरी ऐकवायचाच. हवालदार होऊन ३५व्या वर्षी घरी आला, माजी सैनिकांच्या जागेतून अग्निशमन दलात लागला. तिथे जेमतेम तीन वर्षं झाली होती. एका सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. हार्ट अटॅक. ना सीमा, ना आग. घरचा पलंग.

आमच्या मोठ्या काकांना हे मरण पुरेसं वाटलं नाही. तिसऱ्याच दिवशी त्यांनी फ्लेक्सवाला गाठला. मोबाइलवर डिझाइन आलं: भावाचं डोकं भलत्याच माणसाच्या युनिफॉर्मवर, छातीवर त्याला कधीही न मिळालेली पदकं, मागे ज्वाळा, वर तिरंगा, 'शहीद जवान' असं ठळक अक्षरांत, आणि खाली शोकाकुल म्हणून स्वतः काकांचा फोटो, तोही भावापेक्षा फार लहान नव्हे. मी नाही म्हटलं. लष्कराच्या कागदांत 'शहीद' हा शब्दच नसतो, तिथे 'बॅटल कॅज्युअल्टी' असतं, म्हणजे लढाईत कामी आलेला किंवा जखमी झालेला, आणि आपल्याकडे तेही घडलेलं नाही, असं सांगितलं. काका म्हणाले, "तू कागद बघ, मी माणूस बघतो."

दहाव्याला पुण्यात ओंकारेश्वरच्या घाटावर पिंड ठेवलं आणि कावळा शिवेना. तुम्हाला माहीतच आहे मग काय होतं ते. वहिनीचा भाऊ म्हणाला, मुलीचं शिक्षण आमच्याकडे लागलं. मी म्हटलं, आईला मी बघते. कावळे झाडावर ढिम्म. मग काका पुढे झाले आणि हात जोडून मोठ्याने म्हणाले, "चौकात तुझा मोठा फ्लेक्स लावतो रे!" तरी नाही. मागे त्याच्या स्टेशनचे चौघं ड्यूटी संपवून आंघोळ न करता तसेच आलेले. त्यातला एक हळूच म्हणाला, "ताई, संक्रांतीत साहेबाने मांज्यातून इतके कावळे सोडवले, एकालाही लाज नाही बघा." मला हसू आलं. घाटावर, भावाच्या दहाव्याला. वहिनीही हसली. मागे दुसरी मंडळी खोळंबली होती, म्हणून शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. तेव्हापासून प्रत्येक लग्नामुंजीत काका ऐकवतात: फ्लेक्स लावू दिला नाही, म्हणून पोराला कावळा शिवला नाही.

तर, कावळे. त्याच्या कामातला हा भाग मला ठाऊकच नव्हता. आम्हाला वाटायचं रोज आगी. त्या चौघांना मी संध्याकाळी घरी बोलावलं, तेव्हा कळलं की निम्म्या वर्दी, म्हणजे मदतीला बोलावणारे फोन, झाडपडीच्या, लिफ्टमध्ये अडकलेल्यांच्या, मांज्यात लटकलेल्या पाखरांच्या. एकदा नारायण पेठेत लॅच लागून दार बंद, आत दोन वर्षांचं पोर आणि गॅसवर दूध. भाऊ गच्चीतून दोरावर खाली उतरून गॅलरीतून आत गेला, आधी गॅस बंद केला, मग पोराला कडेवर घेऊन दार उघडलं. पोराची आजी त्याला म्हणाली, "बूट काढून यायचं ना." हे तो स्टेशनवर महिनाभर नक्कल करून सांगत होता. घरी एक शब्द नाही.

तो ज्या बोलाइन गाठीवर (हिचा फासा आवळत नाही) उतरला ती बीईजीतली. गाठी तशाच आल्या, बाकी सगळं नव्याने शिकावं लागलं. सैन्यात दहा माणसं त्याच्या हाताखाली होती. इथे ३५व्या वर्षी तो सगळ्यात नवा, आणि त्याचा तांडेल, म्हणजे फायरमनांवरचा प्रमुख, वयाने त्याच्याहून लहान. पहिलं वर्षभर बंबाचा होज पाइप धू, होज वाळत घाल, होज गुंडाळ. "हवालदारसाहेब" म्हणून चिडवायचे. त्यांनीच कबूल केलं. हा कुढायचा, तंबाखू वाढली होती. पेठेतल्या बोळात बाइक आडव्या लावल्यामुळे बंब अडला की मात्र असा काही आवाज काढायचा की आख्खी गल्ली खाली यायची. तो मिलिटरीतला आवाज उपयोगी पडायला लागला तेव्हा कुठे हा तिथला झाला. माझ्या मते त्याच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच, परत शिपाई होणं. त्याला पदक नसतं.

म्हणून सांगते, त्याच्या स्टेशनवर जा. पाळी बदलताना जा, गरम वडापाव न्या, आणि 'कसा होता' असं विचारू नका, सगळे 'चांगला होता' म्हणतील. त्याची सगळ्यात येडपट वर्दी कुठली ते विचारा. पलटणीतल्या मित्रांचे नंबर त्याच्या फोनमध्ये असतील. वर्षश्राद्धाला दलातली माणसं यायला हवी असतील तर तारीख १४ एप्रिलच्या आसपास येत नाही ना बघा. १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, ६६ फायरमन गेले, त्यांच्यासाठी तो अग्निशमन सेवा दिन. पुढे आठवडाभर त्यांचे कार्यक्रम असतात. बाकी शहराला १४ एप्रिल म्हटलं की आंबेडकर जयंतीच आठवते, भावाला दोन्हींची ड्यूटी असायची.

हे सगळं करण्याआधी त्याच्या बायकोला विचारा, हे खरं तर वर लिहायला हवं होतं. तंबाखूचं मी वहिनीला विचारूनच लिहिलंय. तुमचा मित्र कामावर असताना गेला असेल तर माझा राग तुम्हाला लागू नाही, लावा हवा तर फ्लेक्स. आणि कागद अजून राहिले असतील तर लष्कराचं कुटुंब निवृत्तिवेतन आणि महापालिकेकडचे पैसे, दोन्हीकडे अर्ज करायला सांगा. एकीकडे मिळतंय म्हणून दुसरीकडचं सोडू नये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नीट सांगतात.

काकांच्या मोबाइलमध्ये ते डिझाइन अजून आहे. मागच्या गणपतीत मला जवळ बोलावून दाखवलं आणि म्हणाले, "पदकं काढायला सांगितलीत."